मांजरं 'आपापसात बघून घेतील' म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

आमच्या सांगलीतल्या दोन-तीन ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. 'नवीन मांजर आणलं की सरळ घरच्या मांजरांत सोडा, एका वाटीत दूध ठेवा, दोन दिवस भांडतील, तिसऱ्या दिवशी गळ्यात गळे घालून झोपतील. पिल्लू असेल तर तेवढंही नाही.' खाली अंगठ्यांची रांग. मी पण तीन वर्षांपूर्वी हेच केलेलं, म्हणून बोलायचा हक्क आहे.

पहिलं, 'दोन दिवस भांडतील'. मार्केट यार्डातनं आणलेला बोका मी थेट हॉलमधे सोडला, घरात दोन भाट्या होत्या, एक जी कपाटावर चढली ती रात्रीशिवाय खालीच येईना आणि दुसरीच्या मानेला चावा बसला. वरनं बारीक भोक, आम्ही म्हटलं किरकोळ आहे, चार दिवसांनी आत पू झालेला, डॉक्टरांनी चिरून काढला. मांजर शिकार एकट्यानं करतं, भांडून परत जुळवून घ्यायची गरज त्याला कुत्र्याएवढी नाही, त्यामुळं पहिलीच भेट खराब झाली की ती डोक्यात बसते. आणि आवाज थांबला म्हणजे मिटलं असं नाही ओ! एक दारात बसून नुसती बघत राहते आणि दुसरी त्या भीतीनं शी-शूच्या ट्रेपर्यंत जातच नाही, मग आपण म्हणतो गादीवर घाण करती.

'पिल्लू असेल तर काही होत नाही'. हे सगळ्यात डेंजर. भांडणाचं सोडा, रोगाचं काय? पॅनल्यूकोपेनिया, म्हणजे उलट्या-जुलाबाचा जीवघेणा रोग, ज्याला लोक मांजरांचा पार्वो म्हणतात, त्याचा व्हायरस घरात वर्षभरसुद्धा टिकू शकतो. त्याला पाण्यात कालवलेलं ब्लीच लागतं, फिनाईलच्या भरवशावर राहू नका, उलट ते पायाला लागून चाटलं गेलं तर मांजरालाच विषारी. लागण झाल्यावर लक्षणं दिसायला काही दिवस जातात, म्हणून नवीन पाहुणा निदान 14 दिवस वेगळा, आणि त्याच्याकडनं आलं की हात धुवायचे. घरच्यांची लस झालीय का ते आधी बघा.

एका वाटीचं पण तेच. फेलाइन ल्युकेमिया हा मांजरांचा व्हायरसचा रोग लाळेतनं पसरतो. रक्ताची टेस्ट होते, पण लागण ताजी असेल तर निगेटिव्ह येऊ शकते, डॉक्टर सांगतील तेव्हा परत करायची. आणि दूध कशाला? मोठ्या मांजरांना बऱ्याचदा पचत नाही, जुलाब लागले की दुधानं का रोगानं तेच कळत नाही.

'आमच्याकडं जास्तीची खोली कुठाय' म्हणाल तर बाथरूम चालतं, आम्ही दुसऱ्या वेळी विश्रामबागच्या वन बीएचकेत तेच केलं. चौदा दिवस झाले, तब्येत ठीक आहे म्हटल्यावर बंद दाराच्या दोन्ही बाजूंना उकडलेलं चिकन, रोज ताटली थोडी जवळ. जुन्या बनियनचे तुकडे एकाच्या गालावर चोळून दुसऱ्याच्या जागेवर ठेवायचे, गालातल्या ग्रंथींचा वास असतो त्याला. मग जागांची अदलाबदल, मग जाळीतनं भेट, मग पाच मिनिटं खेळणं घेऊन समोरासमोर. फिस्स केलं तर करू दे, ते 'लांब राहा' म्हणणं आहे, त्याच्यासाठी चप्पल उगारायची नाही. कान पाडून टक लावली तर मधे पुठ्ठा धरा, हात घातला की तुम्हीच फाटणार. ट्रे मांजरांपेक्षा एक जास्त आणि वेगवेगळ्या कोपऱ्यात, आम्ही वाळू वापरतो.

बोका असेल तर ऑपरेशन करून घ्या, पण नंतरही काही आठवडे पिल्लं होऊ शकतात, तेवढे दिवस भाटीपासनं लांब ठेवा.

आम्हाला या सगळ्याला सात आठवडे लागले. गळ्यात गळे आजपण नाहीत, ओट्याखाली दोन हात अंतर ठेवून जेवतात आणि कपाटावरची आता दिवसापण खाली येती.