‘ॲक्टिव्ह पिकअप फक्त मेटलसाठी’ या मजकुरावर विसंबून गिटार उघडू नका

गिटार वाजवणाऱ्यांमध्ये एक मजकूर सतत पुढे ढकलला जातो: ‘हेवी मेटल वाजवायचं असेल तर ॲक्टिव्ह पिकअप, बाकी सगळ्याला पॅसिव्ह. ॲक्टिव्हचं आउटपुट दुप्पट, हम शून्य. पण क्लीन आवाज मेलेला आणि बॅटरी ऐन कार्यक्रमात दगा देते. बदलणं सोपं आहे, जुनं काढा नि नवं लावा.’ हे वाचून लोक बरेच पैसे खर्च करतात, म्हणून एकेक वाक्य तपासायला हवं.

आधी मूळ फरक. पिकअप म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखालचा, त्यांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग. पॅसिव्ह पिकअपमध्ये चुंबकाभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. त्या कॉइलमधला सिग्नल पॉट (वॉल्यूम-टोनच्या नॉबखालचा बदलता रेझिस्टन्स), जॅक, केबल अशा वाटेनं थेट ॲम्पपर्यंत जातो. ॲक्टिव्हमध्ये कॉइलला लागूनच, पिकअपच्याच खोक्यात, ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटा प्रीॲम्प (सिग्नल वाढवणारं सर्किट) असतो. त्यामुळे आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे बाहेर पडणाऱ्या सिग्नलला आतूनच होणारा विरोध, एकदम खाली येतो. ईएमजी कंपनीच्या ८१ या ॲक्टिव्ह पिकअपचा तो १० किलो-ओहम आहे. पुढचं बरंचसं या आकड्यातून निघतं.

‘ॲक्टिव्ह म्हणजे मेटल.’ मेटॅलिका या मेटल बँडच्या जेम्स हेटफिल्ड आणि कर्क हॅमेट यांच्या गिटारवर ईएमजी दिसले आणि हा समज पक्का झाला. पण पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मर यांच्या लाल स्ट्रॅटोकास्टरवर ईएमजीचेच एसए पिकअप होते, आणि १९९४ च्या दौऱ्यातले ते लांबलचक, स्वच्छ सोलो त्याच गिटारवर वाजले. डायर स्ट्रेट्सच्या मार्क नॉफ्लर यांच्या पेन्सा-सुर गिटारवरही ॲक्टिव्हच. उलट पँटेरा या मेटल बँडचा डाइमबॅग डॅरेल आयुष्यभर ज्या आवाजासाठी ओळखला गेला, तो पॅसिव्ह हंबकरचा, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपचा.

‘आउटपुट दुप्पट.’ आउटपुट ठरतं ते चुंबक, वेढे, तारांपासूनचं अंतर आणि ॲक्टिव्ह असेल तर प्रीॲम्पचा गेन यांवरून. एसए हा ॲक्टिव्ह असूनही ८१ पेक्षा बराच सौम्य आहे, तर डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन हा पॅसिव्ह पिकअप ॲम्पला रेटण्यासाठीच बनवलेला. वेगवेगळ्या कंपन्यांचे मिलिव्होल्टचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका. मोजण्याची पद्धत एक नसते. मल्टिमीटरवर दिसणारा कॉइलचा रेझिस्टन्स हेही आउटपुटचं माप नाही.

‘क्लीन आवाज मेलेला.’ क्लीन म्हणजे डिस्टॉर्शनशिवायचा. हा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण कानाला फरक खरंच जाणवतो. पॅसिव्ह कॉइलचा इंडक्टन्स आणि केबलची कपॅसिटन्स मिळून एका फ्रिक्वेन्सीवर उंचवटा तयार करतात. गिटारची ‘चमक’ म्हणतात ती तिथली. हंबकरचा इंडक्टन्स ४.५ हेन्री, कॉइलची स्वतःची कपॅसिटन्स १२० पिकोफॅरड आणि केबलची मीटरला १०० पिकोफॅरड धरा. ३ मीटर केबलला तो उंचवटा सुमारे ३६५० हर्ट्‌झवर येतो, ६ मीटरला २८०० वर. म्हणजे केबल बदलली की पिकअपचा आवाजच बदलला. ॲक्टिव्हच्या १० किलो-ओहमपुढे तीच ६ मीटरची केबल साधारण २६ किलोहर्ट्‌झच्या वरच ट्रेबल कापते, जिथे कानाचा संबंधच नाही. त्यामुळे ॲक्टिव्हचा आवाज कारखान्यात ठरला तसाच ॲम्पपर्यंत पोचतो. ज्याचा कान केबलनं मऊ केलेल्या आवाजावर तयार झालाय, त्याला हा उघडा ट्रेबल निर्जीव वाटतो. आधी ॲम्पचा ट्रेबल थोडा उतरवून पाहा, मग निकाल द्या.

दुसरं कारण उंचीचं. जोरात स्ट्रम केल्यावर आवाज दबून चपटा होत असेल, तर पिकअप तारांच्या फार जवळ आहे आणि प्रीॲम्प ९ व्होल्टच्या छताला टेकतोय. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअप आणि तार यांत २ ते ३ मिलिमीटर अंतर ठेवा, अर्ध्या-अर्ध्या फेऱ्यानं स्क्रू फिरवत ऐका. एवढ्यानं भागलं नाही तर दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून १८ व्होल्ट देता येतात, मात्र पिकअपच्या माहितीपत्रकात तशी परवानगी असेल तरच.

एक बाब मात्र पॅसिव्हच्याच बाजूनं जाते. जुन्या पद्धतीच्या फझ पेडलचा (आवाज मुद्दाम फाडणाऱ्या पेडलचा) इनपुट इम्पीडन्स फार कमी असतो आणि तो कॉइलशी थेट जोडला जाण्यावरच अवलंबून असतो. वॉल्यूम ७ वर आणला की फझ निवळून गोड होणं, हा त्या जोडणीचा गुण आहे. मध्ये प्रीॲम्प आला की फझ कर्कश होतो आणि तितका निवळत नाही. असा फझ हेच तुमच्या वाजवण्याचं मर्म असेल तर ॲक्टिव्हच्या वाटेला जाऊ नका.

‘हम शून्य.’ हम म्हणजे घरातल्या विजेमुळे ऐकू येणारी गुणगुण. बॅटरी ती घालवत नाही. ५० हर्ट्‌झचा हम जातो तो दोन कॉइल उलट जोडल्यामुळे, आणि ते पॅसिव्ह हंबकरही करतो. ॲक्टिव्ह पिकअप आतूनच शील्ड केलेले असतात, म्हणून डिमर आणि एलईडी दिव्यांची झिरझिरही कमी येते. सिंगल कॉइलच्या गिटारमध्ये तांब्याची पट्टी चिकटवली तर ती झिरझिर बरीच कमी होते; हम तसाच राहतो.

‘बॅटरी दगा देते.’ ईएमजी ८१ ओढतो ८० मायक्रोॲम्पियर. दोन पिकअपचे १६०. चांगल्या अल्कलाइन बॅटरीत साधारण ५०० मिलिॲम्पियर-तास असतात, म्हणजे ३००० तासांच्या आसपास. रोज दोन तास वाजवलं तर गणितानं चार वर्षं. तरीही लोकांच्या बॅटऱ्या चार-पाच महिन्यांत संपतात, त्याचं कारण स्टिरिओ जॅक: केबल खुपसली की बॅटरी चालू होते. केबल लावूनच गिटार ठेवली तर १३० दिवसांत बॅटरी रिकामी. ती मरतानाही आधी सांगते. आवाज फाटायला लागतो, सूर मध्येच तुटतो. मल्टिमीटरवर ७ व्होल्टच्या खाली गेली की बदला. वर्षातून एकदा बदलायचीच असं ठरवलं तर मोजायचीही गरज नाही. स्वस्तातली कार्बन-झिंक घालू नका, ती गळते आणि क्लिप खाते. काही ॲक्टिव्ह पिकअप करंट कितीतरी जास्त ओढतात, तेव्हा माहितीपत्रकातला आकडा पाहूनच हिशेब करा.

‘जुनं काढा नि नवं लावा.’ सगळ्यात जास्त नुकसान या वाक्यानं होतं. पॅसिव्हला २५० किंवा ५०० किलो-ओहमचे पॉट लागतात, ॲक्टिव्हला २५ चे. जुने ५०० चे पॉट तसेच ठेवले तर वॉल्यूमचा नॉब स्विचसारखा वागतो, शेवटच्या टोकाला सगळा बदल. शिवाय पॉट मधल्या रेझिस्टन्सवर असताना त्याचा आउटपुट इम्पीडन्स १२५ किलो-ओहमपर्यंत चढतो आणि ६ मीटर केबलसोबत २१०० हर्ट्‌झच्या वरचं सगळं गळायला लागतं. म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तेच गेलं. टोनचा कपॅसिटरही बदलतो: २५ किलो-ओहमला ०.१ मायक्रोफॅरड, ५०० ला ०.०२२. पूर्ण संचासोबत पॉट आणि जॅक सहसा येतात. सुटा किंवा जुना पिकअप घेतलात तर ते वेगळे घ्या.

स्टिरिओ जॅकला टिप, रिंग, स्लीव्ह असे तीन संपर्क असतात: टिपला आउटपुट, रिंगला बॅटरीची काळी तार, स्लीव्हला ग्राउंड. काळी तार ग्राउंडसोबत स्लीव्हलाच जोडली तर बॅटरी कायम चालू राहते. ब्रिजला (तारा अडकवलेल्या धातूच्या भागाला) जाणारी ग्राउंडची तार ईएमजीसारख्या पिकअपना लागत नाही. ती काढून टोक टेपनं झाका. अर्थिंग नसलेल्या हॉलमध्ये तारांवर हात आणि माइकला ओठ लागल्यावर बसणारा झटका त्यामुळे टळायला मदत होते.

आणि कृपया ब्रिजजवळ ॲक्टिव्ह, नेकजवळ (गिटारच्या मानेकडे) जुना पॅसिव्ह अशी जोड एका सामाईक वॉल्यूमवर करू नका. २५ चा पॉट ठेवला तर पॅसिव्हचा आवाज ९०० हर्ट्‌झच्या वर उतरणीला लागतो, घोंगडीखालून आल्यासारखा. ५०० चा ठेवला तर ॲक्टिव्हचं वर सांगितलेलं होतं. सिलेक्टर मध्ये ठेवला की पॅसिव्ह जवळपास नाहीसा. ही जोड हवीच असेल तर पॅसिव्हच्या पुढे, पॉटच्या आधी, बफर (इम्पीडन्स खाली आणणारं छोटं सर्किट) बसवा. मग दोन्हींना २५ चे पॉट चालतात.

फक्त लांब केबलनं ट्रेबल जातो एवढीच तक्रार असेल, तर पिकअप बदलूच नका. ३ मीटर केबल आणि बफर असलेलं पेडल पहिल्या जागी, एवढ्यानं काम होतं. बदलायचं ठरलंच, तर झाकण लावण्याआधी बॅटरीला कव्हिटीत (गिटारच्या आतल्या पोकळीत) खरंच जागा आहे का ते पाहा. स्ट्रॅटोकास्टरमध्ये बहुधा ती पिकगार्डखाली (पिकअप बसवलेल्या पुढच्या पट्टीखाली) फोममध्ये गुंडाळून घालावी लागते. काढलेले पॉट, कपॅसिटर, मोनो जॅक आणि पिकअपचे स्क्रू एकाच पिशवीत, गिटारच्या केसमध्ये ठेवा. पुन्हा पॅसिव्हवर यायचं झालं तर ते सगळे परत लागतात.