जीएमएस, सीएमसी आणि घरचं आइस्क्रीम: त्या फॉरवर्डला मुद्द्याला मुद्दा

उन्हाळा लागला की तो मेसेज परत फिरायला लागतो. त्यात थोडक्यात असं असतं: बाजारचं आइस्क्रीम म्हणजे डालडा, हवा आणि केमिकल, त्यातल्या जीएमएस आणि सीएमसी पावडरी साबणात घालतात त्याच, म्हणून घरी नुसतं दूध, मलई आणि नावापुरती साखर घेऊन करा, दूध कच्चंच घ्या, जंतू फ्रीझरमध्ये मरतातच, आणि पॉटमध्ये (बाहेर बर्फ, आत दुधाचा डबा, हँडल फिरवून करायचा तो) करत असाल तर बर्फ वितळू नये म्हणून मीठ टाका. घरी करा हे अगदी मान्य, मी पण सगळ्यांना तेच सांगते. पण बाकी जवळजवळ प्रत्येक ओळीत घोळ आहे, आणि एका ओळीने तर पोरं आजारी पडू शकतात.

आधी पावडरी. सीएमसी डिटर्जंटमध्ये वापरतात हे खरंय. पण तेच कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज डोळे कोरडे पडतात त्यांना डॉक्टर देतात त्या ड्रॉप्समध्येही असतं, बाटलीवरची बारीक अक्षरं वाचून बघा. कारखान्याची, खाण्याची, औषधाची अशी त्याची शुद्धतेनुसार वेगळी ग्रेड असते, आपण फूड ग्रेड घ्यायची. जीएमएस म्हणजे ग्लिसरॉल मोनोस्टिअरेट, तेलतूप पचताना आपल्या आतड्यात मोनोग्लिसराइड्स तयार होतात, हे त्यातलंच एक. भारतात दोन्हींना अन्नात परवानगी आहे. आता सीएमसीचा आतड्यातल्या जिवाणूंवर परिणाम होतो का यावर संशोधन चालू आहे, ते मी लपवणार नाही, माणसांवरच्या एका प्रयोगात काही जणांमध्ये फरक दिसला होता, पण तिथे रोज 15 ग्रॅम दिलं होतं आणि आपण अर्धा लिटर दुधाला पाव टीस्पून घालतो, म्हणजे जेमतेम एक ग्रॅम, ते पण अख्ख्या घरात वाटलं जातं.

आणि त्या पावडरी घालतात कशाला ते मेसेजमध्ये कुठेच नसतं. दुधात पाणीच जास्त, ते घरच्या फ्रीझरमध्ये हळूहळू गोठतं आणि हळू गोठलं की बर्फाचे खडे मोठे होतात. साधारण 50 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पुढे गेले की जिभेला कचकच लागायला लागते. सीएमसी पाणी धरून ठेवतं, खडे वाढू देत नाही. जीएमएसमुळे फॅट नीट मिसळतं आणि फेटताना हवा टिकते. नको असतील तर नका घालू, पण मग त्यांचं काम दुसऱ्या कुणाकडून तरी करून घ्यावं लागतं, म्हणजे दूध बासुंदीकडे झुकेल इतकं आटवा, किंवा कॉर्नफ्लॉवर शिजवून घाला, थोडी मिल्क पावडर घाला (जास्त झाली तर त्यातली दूधसाखर रवाळ लागते). सगळंच काढून टाकलं की ट्रेमध्ये दगड तयार होतो, पोरं एक चमचा खाऊन बाजूला ठेवतात आणि घरचं आइस्क्रीम वाईटच असतं असं कायमचं ठरवून टाकतात, याचं मला फार वाईट वाटतं.

"हवा भरून फसवतात." हवा नसेल तर चमचा आत जाणार नाही, आपण घरी बीटरने फेटतो तेव्हा हवाच तर भरतो. कुल्फीत हवा भरत नाहीत, म्हणून ती घट्ट. कंपन्यांना किती हवा भरायची याला मर्यादा आहे, एफएसएसएआयच्या (अन्नपदार्थांचे नियम ठरवणारी सरकारी संस्था) नियमानुसार एक लिटर आइस्क्रीमचं वजन किमान 525 ग्रॅम भरलं पाहिजे. डब्यावर मिलीलिटरच्या शेजारी ग्रॅम छापलेले असतील तर दोन ब्रँड शेजारी धरून बघा, लगेच कळतं.

डालड्याचं म्हणाल तर ज्यावर आइस्क्रीम लिहिलंय (मीडियम फॅट, लो फॅट नाही, नुसतं आइस्क्रीम) त्यात किमान 10 टक्के दुधाचंच फॅट लागतं. वनस्पती तेल वापरलं तर त्याला फ्रोझन डेझर्ट म्हणावं लागतं आणि तसं डब्यावर लिहावं लागतं. पण खरी गंमत घरीच होते. केकच्या सामानाच्या दुकानातून "शुद्ध घरगुती" आइस्क्रीमसाठी व्हिपिंग क्रीमचा जो डबा आपण आणतो तो बऱ्याचदा नॉन-डेअरी असतो, म्हणजे हायड्रोजनेटेड (डालड्यासारखं घट्ट केलेलं) पाम कर्नल तेल, वर इमल्सिफायर आणि स्टॅबिलायझर (जीएमएस-सीएमसीचंच काम करणारी पावडरी मंडळी), ज्याला घाबरून घरी करायला घेतलं तेच सगळं. मागची यादी वाचून घ्या. आणि साधी फ्रेश क्रीम साधारण 25 टक्के फॅटची येते, ती कितीही फेटली तरी नीट फुगत नाही, 30 च्या पुढची डेअरी क्रीम बघा.

मिठाचं तर नेमकं उलटं आहे. मीठ बर्फ वितळवतंच, आणि त्यासाठीच घालायचं. वितळायला उष्णता लागते, ती मधल्या डब्यातल्या दुधातून ओढली जाते. नुसता बर्फ असेल तर भोवतालचं पाणी 0 अंशाच्या खाली जातच नाही, आणि साखर घातलेलं दूध गोठायलाच उणे अडीच-तीनच्या आसपास सुरुवात होते, मग हँडल तासभर फिरवा नाहीतर दोन तास. जाडं मीठ घातलं की उणे 10-15 सहज मिळतं, पार उणे 21 पर्यंत जाऊ शकतं. वजनाने बर्फाच्या पाव ते तिसरा हिस्सा मीठ, थर देत देत. पॉटच्या बाजूचं भोक मोकळं ठेवा, ते बुजलं तर खारं पाणी झाकणापर्यंत चढतं आणि हापूसचा अख्खा डबा खारट होतो.

साखर नावापुरती घालू नका. साखरेमुळे सगळं पाणी एकदम गोठत नाही, थोडं पातळ राहतं, मऊपणा तिथून येतो. एकूण मिश्रणाच्या 15 टक्क्यांच्या आसपास ठेवा. स्टीव्हियाची (साखरेऐवजी वापरतात ती गोड वनस्पती) चिमूट गोडी देईल पण मऊपणा देणार नाही. कमी गोड हवं तर वाटी लहान घ्या.

आता कच्चं दूध, आणि हे प्लीज घरातल्या सगळ्यांना सांगा. फ्रीझरमध्ये जंतू मरत नाहीत, बहुतेक नुसते थांबतात आणि वितळायला लागलं की परत वाढतात. लिस्टेरिया नावाचा जिवाणू तर फ्रीजच्या थंडीतही वाढतो आणि गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला त्याचा मोठा धोका असतो. लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांनाही असल्या दुधाचा त्रास लवकर होतो. गोठ्यावरचं सुटं दूध असेल तर चांगलं उकळायचं, त्यातच साखर आणि पावडरी घालून शिजवायच्या. मग पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून पटकन थंड करायचं, झाकून चार-पाच तास फ्रीजमध्ये, आणि आंब्याचा रस शेवटी, मिश्रण पूर्ण गार झाल्यावर.