१४४१६ वर फोन केल्यास ‘नोंद’ होऊन करिअर बरबाद होतं? खुलासा

कॉलेजच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘टेलिमानसला फोन केला की नाव आधारला जोडलं जातं, कॉलेजला कळवतात, आत्महत्येचा विचार बोललात तर गुन्हा दाखल होतो.’ हे खरं नाही.

टेलिमानस (नंबर १४४१६) ही मानसिक आरोग्यासाठी फोनवर मदत देणारी केंद्र सरकारची मोफत, चोवीस तास चालणारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिथे बोलायला आधार क्रमांक लागत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम २३ नुसार माहिती गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे. कॉलेजला ती परस्पर देता येत नाही. अपवाद आहे, तो लपवायला नको: जिवाला धोका असेल तर तो टाळण्यापुरती माहिती देता येते. गुन्ह्याचं म्हणाल तर नुसता विचार बोलून दाखवणं हा गुन्हा कधीच नव्हता. आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्तीही तीव्र ताणाखाली होती असंच याच कायद्याचं कलम ११५ गृहीत धरतं, आणि तिच्यावर उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकतं.

नंबर फिरवताना पुढे शून्य किंवा +९१ लावू नका, नुसतं १४४१६. भाषा विचारतील, मराठी आहे. आधी समुपदेशक बोलतो. गरज पडली तरच पुढे मानसोपचारतज्ज्ञ. खोलीत रूममेट असेल तर दुसऱ्या खोलीत जा, स्पीकर बंद ठेवा. जीव आत्ता धोक्यात असेल तर ११२ या आपत्कालीन नंबरवर फोन करा.

तो मेसेज आला असेल तर पुढे ढकलू नका. ज्या ग्रुपवर टाकलात तिथून काढा.