मकारोव्ह म्हणजे वॉल्थरची नक्कल? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मकारोव्ह पिस्तुलावरच्या लेखावर तुमचे दोन आक्षेप आहेत. एक, हे पिस्तूल जर्मन वॉल्थर पीपीची नक्कल आहे आणि मी त्याचा रचनाकार निकोलाय मकारोव्हला फुकटचं श्रेय दिलं. दोन, आधीचं सोव्हिएत पिस्तूल टीटी, त्याच्यासारखं जोरदार हत्यार मोडीत काढून सोव्हिएत सैन्याने दुबळं काडतूस घेतलं, तेही आपल्या गोळ्या शत्रूच्या पिस्तुलात बसू नयेत एवढ्यासाठी.

१९२९ च्या वॉल्थरची मांडणी मकारोव्हसमोर होती, यात शंकाच नाही. पक्की बसवलेली नळी, तिच्याभोवतीची स्प्रिंग, चापाचं कडं खाली ओढून स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) काढायची रीत, सगळं तिथलंच. पण मुठीच्या आत काय आहे? वॉल्थरमध्ये हॅमरला (गोळी उडवणाऱ्या घोड्याला) ताण देते ती गुंडाळीची स्प्रिंग. मकारोव्हने तिथे ट्रकच्या पाट्यासारखी सपाट पट्टी बसवली. तिचं रुंद पातं हॅमर ढकलतं, अरुंद पातं चापाच्या यंत्रणेला जोर देतं आणि खालचं वाकवलेलं टोक मॅगझिन धरून ठेवतं. एका भागात तीन कामं! स्लाइड मागे अडवणाऱ्या खटक्याचंच दुसरं टोक रिकामं टरफल बाहेर फेकतं. सेफ्टी वॉल्थरच्या उलट दिशेने चालते, आणि ती लावली की स्लाइडही हलत नाही. नक्कल करणारा इतका खटाटोप कशाला करेल?

शत्रूच्या पिस्तुलाची कथा बरीच फिरते, मला ती पटत नाही. मकारोव्हच्या ९×१८ काडतुसाची गोळी नावात ९ मिमी असली तरी प्रत्यक्षात ९.२७ मिमीची आहे, पण ते शत्रूला अडवण्यासाठी नव्हे, तर सोव्हिएत पद्धतीत कॅलिबर नळीतल्या आट्यांच्या उंचवट्यांमधलं अंतर धरून मोजतात म्हणून. त्यांच्या ७.६२ रायफलीची गोळीही ७.९ मिमीच्या आसपास भरतेच की.

आता दुबळेपणा. टीटीची गोळी सेकंदाला सुमारे ४२० मीटर जाते, मकारोव्हची ३१५. फरक मोठा आहे. पण टीटीला वेगळी सेफ्टीच नव्हती, हॅमर अर्ध्यावर अडकवून ठेवायचा, एवढीच सोय. आणि पहिल्या गोळीआधी तो अंगठ्याने पूर्ण मागे ओढावा लागे. दुसऱ्या महायुद्धात जवळची लढाई सबमशीनगनने लढली, अधिकाऱ्याचं पिस्तूल बहुतेक वेळ पट्ट्यालाच. म्हणून युद्धानंतरच्या स्पर्धेत हवं होतं हलकं, बिनधोक आणि नुसता चाप ओढला की उडणारं पिस्तूल. मकारोव्हमध्ये गोळी उडताना स्लाइडला नळीशी जखडणारं कुलूप नाही, तिचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच सगळं भागतं. टीटीचं काडतूस तिथे घातलं असतं तर स्लाइड फारच जड करावी लागली असती. बोरिस सेमिनचं काडतूस या साध्या यंत्रणेला झेपणारं होतं, आणि १९५१ मध्ये सैन्याने घेतलेलं पिस्तूल ७३० ग्रॅममध्ये बसलं.

पहिल्या गोळीला चाप जड लागतो आणि नेमाच्या खुणा बारीक आहेत, हे तुमचं म्हणणं मात्र मान्य. चिलखती जॅकेटांपुढे हे काडतूस कमी पडतं, हेही खरं. २००३ मध्ये रशियाने ९×१९ काडतुसाचं यारिगिन पिस्तूल स्वीकारलं. तरी तिथल्या पोलिसांच्या कमरेला त्यानंतरही वर्षानुवर्षं मकारोव्हच दिसत राहिलं.