दीडशेची चाळशी आणि पुतण्यानं पाठवलेला मेसेज

सांगलीत माझं चष्म्याचं दुकान आहे. गेल्या महिन्यात पुतण्यानं व्हॉट्सॲपवर एक मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, ‘काका, हा मोठ्या अक्षरात छापून काउंटरमागे लावा.’ मेसेज असा होता:

‘रस्त्यावर, स्टेशनवर मिळणारे दीडशे रुपयांचे वाचायचे चष्मे म्हणजे डोळ्यांना विष! वर्षभरात नंबर दुप्पट होतो. हलक्या प्लास्टिकनं डोळ्यांचा पडदा जळतो. दोन डोळ्यांचा नंबर कधीच सारखा नसतो, त्यामुळे हे चष्मे कुणालाच चालत नाहीत. डोकं दुखायला लागलं की समजा, नसा सुकू लागल्या. त्यापेक्षा दुकानात कॉम्प्युटरवर नंबर काढून चष्मा घ्या, डोळे सुरक्षित. आणि रोज रात्री दुधातून बदाम, बडीशेप, खडीसाखर घेतलीत तर चाळीस दिवसांत चष्माच सुटेल. दहा जणांना पाठवा.’

नंबरचे चष्मे विकून माझं घर चालतं. हा कागद लावला असता तर गल्ल्यात भरच पडली असती. पण यातली बरीच वाक्यं सरळ खोटी आहेत, बाकीची अर्धवट आहेत आणि जे सांगायला हवं होतं तेच सांगायचं राहिलंय. म्हणून कागद लावला नाही. पुतण्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय.

आधी नंबर दुप्पट होण्याचं बघू. आमची आजी चष्म्याला ‘चाळशी’ म्हणायची. चाळिसाव्या वर्षाच्या आसपास लागते ती चाळशी, म्हणजे कारण त्या शब्दातच आलं. डोळ्यातलं भिंग लहानपणी लवचीक असतं. जवळचं बघताना आतला एक बारीक स्नायू आवळतो आणि भिंग फुगतं. वयाबरोबर ते भिंग घट्ट होत जातं, मग स्नायूनं कितीही जोर लावला तरी पुरेसं फुगत नाही. ही गोष्ट तरुणपणापासूनच हळूहळू चालू असते. चाळिशीत ती लक्षात येते, कारण तेव्हा औषधाच्या पट्टीवरची अक्षरं वाचायला हात कमी पडायला लागतो.

लांबचा नंबर नसलेल्या माणसाचा जवळचा नंबर साधारण असा जातो: बेचाळीस-त्रेचाळिसाव्या वर्षी +१, पंचेचाळिशीनंतर +१.५, पन्नाशीत +२, साठीला +२.५. तिथे तो बहुतेक थांबतो. दीडशेचा चष्मा लावा, माझ्याकडचा चार हजारांचा लावा, किंवा काहीच लावू नका, ही चढण चुकत नाही. माझं चार हजारांचं गिऱ्हाईकही दोन-तीन वर्षांनी ‘अक्षरं परत पुसट दिसतात हो’ म्हणत दारात उभं राहतं. त्या वेळी कुणी माझ्या चष्म्याला विष म्हणत नाही!

मग लोकांना तसं का वाटतं? चष्मा लागण्याआधी माणूस कित्येक महिने पुसटच वाचत असतो. पेपर लांब धरतो, ट्यूबलाइटखाली जातो, सुईत दोरा ओवायला नातीला हाक मारतो. चष्मा लागल्यावर अक्षर लख्ख दिसतं आणि आठवड्याभरात त्याची सवय होते. मग चष्मा काढला की पूर्वीचाच पुसटपणा असह्य होतो आणि वाटतं, या चष्म्यानं डोळे आळशी केले. डोळे होते तिथेच असतात, सहन करण्याची सवय तेवढी मोडलेली असते.

‘विष’ या शब्दावर मात्र मला राग आला. आसाममधल्या चहाच्या मळ्यांत चाळिशीपुढच्या ७५१ मजुरांवर एक चाचणी झाली होती, २०१८ साली ती प्रसिद्ध झाली. निम्म्यांना जवळचं दिसण्यासाठी चष्मे लगेच दिले, उरलेल्यांना चाचणी संपल्यावर. चष्मेवाल्यांची पानखुडणी दुसऱ्या गटापेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त भरली. पुढे बांगलादेशात शिवणकाम, हस्तकला असली कामं करणाऱ्या आठशेवर लोकांवर असाच प्रयोग झाला. फुकट मिळालेल्या साध्या वाचायच्या चष्म्यांनी आठ महिन्यांत त्यांची कमाई ३३ टक्क्यांनी वाढली. हे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालात जवळचं न दिसणाऱ्या आणि तरीही चष्मा न मिळालेल्या लोकांचा आकडा ८२ कोटी ६० लाख दिलाय. मिरजेच्या बाजारात गोधड्या शिवणाऱ्या बाईला ‘हा चष्मा विष आहे’ म्हणून सांगितलं तर ती काही माझ्याकडे चार हजारांचा करायला येणार नाही. ती चष्म्यावाचून राहील आणि काम सोडेल.

प्लास्टिकनं पडदा जळतो म्हणे. माझ्याकडच्या महाग काचाही प्लास्टिकच्याच असतात. ‘काच’ म्हणायची फक्त सवय राहिली आहे. स्वस्त काचेवर चरे लवकर पडतात, इतकंच. जाता जाता आणखी एक. आता फुटपाथवरच्या चष्म्यांवरही ‘ब्लू कट’ची, म्हणजे निळा प्रकाश अडवणाऱ्या काचेची, चिठ्ठी दिसते आणि तिचे पन्नास रुपये जास्त घेतात. २०२३ मध्ये कोक्रेन या वैद्यकीय चाचण्या पडताळणाऱ्या संस्थेनं १७ चाचण्यांचा आढावा घेतला. स्क्रीनमुळे डोळ्यांवर येणारा ताण अशा काचांनी साध्या काचेपेक्षा कमी होतो, असं त्यात दिसलं नाही. ही काच मीही विकतो, कारण लोक मागतात. पण कुणी विचारलं तर हे सांगतो.

दोन डोळ्यांच्या नंबराचा मुद्दा मेसेजमधला सगळ्यांत दमदार. तो मी उडवून लावणार नाही. ‘कधीच सारखा नसतो’ आणि ‘कुणालाच चालत नाहीत’ हे दोन शब्दप्रयोग तेवढे काढून टाका.

रेडीमेड चष्म्यात तीन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. दोन्ही डोळ्यांचा नंबर एकच. सिलिंडर नंबर, म्हणजे बुबुळाची गोलाई सगळीकडे सारखी नसली की लागणारा नंबर, शून्य. आणि दोन बाहुल्यांमधलं अंतर सरासरी माणसाइतकं, म्हणजे साठ-चौसष्ट मिलिमीटर. ज्यांना आयुष्यात लांबचा चष्मा लागला नाही त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना ही तिन्ही गृहीतकं जवळपास लागू पडतात. पाव नंबराचा फरक वाचताना जाणवतही नाही. अशा माणसाला दीडशेचा चष्मा चालतो, आणि ‘चालतो’ म्हणताना मला चोरी वाटत नाही.

बाहुल्यांच्या अंतराचा हिशेब सोपा आहे. काचेचा मध्य बाहुलीपासून जितके सेंटिमीटर सरकला असेल त्याला नंबरानं गुणायचं. उत्तर येईल तितका प्रिझम, म्हणजे दिसणारी गोष्ट बाजूला सरकवणारा परिणाम, डोळ्यांवर पडतो. +१.५ च्या चष्म्यात दोन्ही मिळून ३ मिलिमीटरचा फरक असेल तर ०.४५, म्हणजे कुणाला पत्ताही लागत नाही. पण अरुंद चेहऱ्याच्या बाईंचं वाचतानाचं अंतर ५६ असेल, चष्मा ६४ चा असेल आणि नंबर +२.५, तर ०.८ गुणिले २.५, म्हणजे पूर्ण २. अक्षरं जुळवायला डोळ्यांना आणखी आत वळावं लागतं, आणि अर्ध्या तासात कपाळ धरतं. नंबर जितका मोठा तितका स्वस्त चष्मा बेभरवशाचा.

काही जणांनी मात्र त्या वाटेला जाऊच नये. ज्यांना आधीपासून लांबचा चष्मा आहे ते. दोन डोळ्यांच्या नंबरात एकचा किंवा जास्त फरक आहे ते. सिलिंडर नंबर बऱ्यापैकी आहे ते. उणे दोनवाला माणूस चष्मा काढून आरामात वाचतो, त्यानं +२ चा चष्मा कशाला घ्यावा? आणि आधीच अधिक एकचा लांबचा नंबर असेल तर पन्नाशीत वाचायला तीन लागतो. तो फुटपाथवर ‘वय किती? पन्नास? मग हा घ्या’ असं सांगून कळायचा नाही. मुलांना तर हा चष्मा देऊच नये. ब्रिटनमध्ये दोन्ही काचा सारख्या आणि +४ पर्यंतच्या असलेले वाचायचे चष्मे तपासणीशिवाय विकायची मुभा आहे, पण सोळा वर्षांखालच्यांसाठी नाही. मला ही विभागणी योग्य वाटते.

डोकं दुखतं ते नसा सुकल्यामुळे, ही मुलखाची भीती. दुखण्याचं कारण बहुतेक वेळा वर सांगितलेला प्रिझम, नाहीतर नको तेवढा मोठा नंबर. लोकांना वाटतं, जास्त नंबर म्हणजे जास्त चांगलं दिसणार. साठीच्या, लांबचा नंबर नसलेल्या माणसासाठी सरळ गणित आहे. १०० ला नंबरानं भागा, जितके सेंटिमीटर येतील तिथे अक्षर स्पष्ट दिसेल. +२ असेल तर ५० वर, +२.५ असेल तर ४० वर, +३ असेल तर ३३ वर. सोनाराला ३३ हवेत. कॉम्प्युटरवर बसणाऱ्याची स्क्रीन साठ-पासष्टवर असते, त्यानं तीनचा चष्मा घातला तर तो नाक टेकवून बसेल आणि मान दुखते म्हणून हाडांच्या डॉक्टरकडे जाईल. तुमच्या कामाच्या अंतरावर जो सगळ्यांत कमी नंबर पुरतो तो घ्यायचा. या चष्म्यानं डोळ्यांना इजा होत नाही. पाय मात्र मोडू शकतो, कारण तो घालून जिना उतरलात तर पायरी भलतीकडे दिसते. घालून गाडी चालवणं तर विसराच.

विकत घेताना एवढं करा. चष्मा हातभर लांब धरा आणि काचेतून खिडकीच्या गजाकडे किंवा फरशीच्या सांध्याकडे बघत तो हळू डावी-उजवीकडे हलवा. रेघ सरकेल, ते ठीक आहे. ती पाण्यातल्यासारखी वाकडीतिकडी झाली, किंवा एका काचेत जास्त आणि दुसरीत कमी सरकली, तर परत ठेवून द्या. मग एक डोळा झाकून वाचा, नंतर दुसरा झाकून वाचा. दोन्हींत मोठा फरक वाटला तर हा चष्मा तुमच्यासाठी नाही.

‘दुकानात कॉम्प्युटरवर नंबर काढला की डोळे सुरक्षित’ हे वाक्य माझ्या धंद्याचं गुणगान आहे आणि मेसेजमधलं सगळ्यांत घातक तेच. माझ्या दुकानातलं मशीन नंबराचा अंदाज सांगतं, पुढे मी ट्रायल फ्रेम, म्हणजे काचा बदलून बघायची चौकट, लावून तो पक्का करतो. त्यात डोळ्यातला दाब कळत नाही, मागची नस दिसत नाही, पडदा दिसत नाही. काचबिंदूत कडेची नजर आधी जाते आणि मधली शेवटपर्यंत शाबूत राहते. असा माणूस माझ्याकडे येऊन सगळ्यांत खालची ओळ घडाघडा वाचून दाखवतो. स्वस्त चष्म्यातून तो जितकं छान वाचेल तितकंच माझ्या चष्म्यातून, आणि दोन्हीकडे ‘आपले डोळे उत्तम’ म्हणत घरी जाईल.

एक गिऱ्हाईक वर्षभरात तीनदा नंबर बदलायला आलं. तिसऱ्यांदा मी काच बसवली नाही, आधी साखर तपासून या म्हटलं. रक्तातली साखर वरखाली झाली की भिंग फुगतं-आटतं आणि नंबर हलतो. त्यांना मधुमेह निघाला. त्या माणसानं फुटपाथवरून तीन चष्मे घेतले असते तर त्याला हे उशिरा कळलं असतं. रेडीमेडचा खरा तोटा कुठे असेल तर इथे: नंबर का बदलला, हे विचारायला समोर कुणी नसतं. पण तो प्रश्न चार हजार घेऊनही न विचारणारे दुकानदार आहेत, हेही तितकंच खरं. चाळिशीनंतर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एकदा बाहुली मोठी करून तपासणी, मधुमेह असेल तर दरवर्षी, घरात काचबिंदू असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हा. ती करून मग चष्मा फुटपाथवरून घेतलात तरी माझी हरकत नाही.

राहिली बडीशेप. बदाम-बडीशेप-खडीसाखर चवीला छान, मधुमेह्यानं खडीसाखर तेवढी वगळावी. घट्ट झालेलं भिंग त्यानं परत मऊ होत नाही. ‘आमच्या आजोबांचा चष्मा सत्तरीत सुटला’ हे प्रत्येक घरात ऐकू येतं. सुटतो, खरंच सुटतो. मोतीबिंदू पिकताना भिंगाचा गाभा दाट होतो, डोळा उणे नंबराकडे झुकतो आणि जवळचं विनाचष्मा दिसायला लागतं. आजोबा खूश असतात, पण लांबचं पुसट झालेलं असतं. ती मोतीबिंदूची वर्दी असते.

थेंबांचंही असंच झालं. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या एका औषध कंपनीच्या पिलोकार्पिनच्या थेंबांची ‘वाचायचा चष्मा जाणार’ अशी बातमी सगळीकडे झळकली. काही दिवसांतच केंद्रीय औषध नियंत्रकांनी त्यांची परवानगी स्थगित केली, कारण मंजूर नसलेले दावे केले गेले होते. पिलोकार्पिननं बाहुली काही तास बारीक होते. कागदाला टाचणीनं भोक पाडून त्यातून पेपर वाचा, अक्षर जरा स्पष्ट दिसेल. थेंबांचं तत्त्व हेच. परिणाम उतरला की चाळशी परत नाकावर.

पुतण्याला हे सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, ‘मग काउंटरमागे लावायचं काय?’ मी मेसेजाऐवजी मराठी अक्षरांचा वाचनाचा तक्ता लावला आणि त्याला ४० सेंटिमीटरची सुतळी बांधली. सुतळीचं टोक गालाशी धरायचं आणि आपला चष्मा घालून वाचून बघायचं, मग तो कुठूनही घेतलेला असो. परवा एक भाजीवाल्या मावशी आल्या, कमरेच्या पिशवीतून एका काडीला दोरा गुंडाळलेला चष्मा काढला आणि खालून दुसरी ओळ वाचली. काचा लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजायच्या यंत्रावर, बघितल्या तर दोन्ही +२, एकदम बरोबर. काडीचा स्क्रू बसवून दिला, दहा रुपये घेतले.