हीटर गार हवा फेकतोय? गॅस भरायला पळू नका आधी

थंडी पडली की एक मेसेज न चुकता फिरतो. म्हणे गाडीच्या हीटरमधून गार हवा येत असेल तर एसीचा गॅस संपलाय, तो भरा. तरी नाही झालं तर थर्मोस्टॅट (इंजिनाच्या पाण्याच्या वाटेतली झडप) काढून टाका, आपल्याकडे त्याचं कामच नाही. कूलंट (इंजिन गार ठेवायला त्यात फिरणारं रंगीत पाणी) ही नुसती लूट, नळाचं पाणी चालतं. आणि हीटर जपून लावा, डिझेल खातो. यावेळी आमच्या मामांनीच पाठवला आणि खाली धडाधड अंगठे, म्हणून लिहायला बसलो.

गॅसचं आधी, कारण त्यात माझे स्वतःचे पैसे गेलेत. निफाडला जानेवारीत पहाटे निघायचं म्हणजे स्टेअरिंगला हात लावायची चोरी, त्यात हीटर गार. गॅरेजवाला म्हणाला गॅस कमी आहे, भरला, अठराशे घेतले. एसी एकदम झकास गार, आणि हीटर पण गारच! अहो साध्या पेट्रोल-डिझेल गाडीत हीटरचा गॅसशी काडीचा संबंध नसतो. इंजिनातलं गरम झालेलं कूलंट डॅशबोर्डच्या मागे बसवलेल्या एका पिटुकल्या रेडिएटरमधून फिरतं, ब्लोअर त्यावरून हवा मारतो, संपला विषय. (काही इलेक्ट्रिक गाड्यांत हीट पंप असतो, तिथे गॅस लागतो, ते वेगळं.)

मग बघायचं कुठे? गाडी पंधराएक मिनिटं चालवा आणि टेंपरेचरचा काटा बघा. काटा खालीच लोळत असेल तर बहुतेक थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. काटा नेहमीच्या जागी आला असेल तर हीटर फुल गरमवर ठेवून थोडा वेळ चालू द्या, मग इंजिन बंद करून बॉनेट उघडा, इंजिनाकडून केबिनच्या पत्र्यात दोन रबरी पाईप शिरतात त्यांना जपून हात लावा, चटका बसू शकतो. दोन्ही चांगले गरम असतील तर पाणी आत पोचतंय, आतला गरम-गार करणारा फ्लॅप किंवा त्याची केबल-मोटर अडकलीय. एक गरम आणि एक गार म्हणजे हीटरचा रेडिएटर चोक, नाहीतर वाटेतला व्हॉल्व्ह बंद (सगळ्या गाड्यांत तो नसतो). दोन्ही गार, किंवा रेस दिली की ऊब येते आणि सिग्नलला थांबलं की परत गार, असं असेल तर कूलंट कमी झालंय नाहीतर लाइनमध्ये हवा अडकलीय. माझं हेच निघालं. एका पाईपच्या क्लिपपाशी हिरवट ओल होती, कूलंटची बाटली तळाला गेलेली. क्लिप बदलली, कूलंट भरलं, हवा काढली, दहा मिनिटांत काचा उघडाव्या लागल्या. फक्त एक, इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, तोंड भाजेल.

थर्मोस्टॅट काढायचा सल्ला तर कहरच आहे. इंजिन तापेपर्यंत पाणी मोठ्या रेडिएटरकडे जाऊ न देणं हेच त्याचं काम, बहुतेक गाड्यांत तो 80 ते 90 अंशांच्या आसपास उघडतो. तोच काढला तर पाणी कायम रेडिएटरमधून गार होऊन येणार, मग हीटरला गरम काय मिळणार, कपाळ? वर इंजिन थंड समजून गाडी जास्त इंधन सोडते. घर गळतंय म्हणून कौलंच उतरवून ठेवायची, तसं.

नळाचं पाणी, त्यातून बोअरचं, गिझरच्या कॉइलवर काय थर चढवतं ते घरोघरी माहीत आहे. हीटरच्या बारीक नळ्यांत तेच होतं, शिवाय गंज. कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घेतलं तर साधारण उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही, ते निफाडला नाही लागणार पण लडाखला निघालेल्याला लागेल. गंजापासून बचाव मात्र सगळ्यांनाच हवा.

डिझेल खातो म्हणे! इंजिनाची जी उष्णता अशीही वाया जाणार तीच हीटर वापरतो, वेगळी लागते ती ब्लोअरपुरती वीज. काचेवरचं धुकं घालवायला सोबत एसी लावला तर कॉम्प्रेसर थोडं इंधन घेतो, ते एसीच्या खात्यावर धरा.

आणि हो, मामांची गाडी परवा बघितली. काटा खाली, हीटर गार. मागच्या मे महिन्यात गाडी तापत होती म्हणून कुणीतरी थर्मोस्टॅट काढून डिकीत पिशवीत घालून दिला होता, अजून तिथेच आहे.