आईचं बोट आणि वरची खोली

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत नवीन माणूस राहायला आला की पोलिसांना कळवायची खरंतर काही गरजच नसते. पोरगं टेम्पोतनं गादी उतरवतंय तोवर समोरच्या वैनींना त्याचं गाव, कॉलेज, लग्न ठरलंय का नाही सगळं कळलेलं असतं आणि संध्याकाळपर्यंत तालमीच्या कट्ट्यावर त्याच्या गाडीचा नंबर पाठ. तरीपण सरकारला कागद लागतो, आणि तो कागद करायचा घरमालकानं. घरमालक म्हणजे आम्ही. माडीवर एक खोली, वर पत्रा, संडास जिन्याखाली, एवढ्या इस्टेटीवर आम्ही घरमालक.

त्या खोलीत एक पोरगं भाड्यानं आलं, भाडेकरार करायचा म्हटल्यावर शेजारचे अण्णा पहिल्याच दिवशी म्हणाले, "अकरा महिन्याचंच हाय न्हवं? मग रजिस्टर कशाला? पाचशेचा स्टॅम्प आण, नोटरी मार, इषय संपला. आणि बोंबलत सांगत फिरू नकोस, घरफाळा वाढवून ठेवतील."

आता ही अकरा महिन्यांची समजूत सगळीकडं आहे. वर्षाच्या आतल्या कराराला नोंदणी लागत नाही म्हणून अकरा, बाकी त्या आकड्यात पवित्र असं काही नाही. पण आपल्याकडं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आहे आणि त्याचं कलम ५५ म्हणतंय की महिने कितीका असेनात, करार लेखी पाहिजे, नोंदवलेला पाहिजे आणि जबाबदारी मालकाची. नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद नाहीतर पाच हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. वर पुढं भांडण लागलंच तर काय ठरलं होतं याबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरणार, ते खोटं आहे हे सिद्ध करत बसायचं आपण. म्हणजे पोरगं उद्या म्हणालं की भाडं महिना पाचशे ठरलेलं आणि रविवारी तांबडा-पांढरा मालकाकडनं, तर बसा कोर्टात आईला घेऊन. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, "तीन महिने आत गेलास तरी खोलीचं भाडं चालूच राहतंय की."

तर एजंटला बोलवलं. हे एक बरं झालंय, आता रजिस्टर ऑफिसात जावं लागत नाही, तोच लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो. भाडं सहा हजार, डिपॉझिट वीस हजार. मुद्रांक शुल्क पाव टक्का, पण त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यानं व्याज धरून तेपण भाड्यात मिसळतात, म्हणजे जे व्याज आम्हाला कोणी दिलंच नाही त्याच्यावरपण शुल्क. तरी ते शे-दोनशेच्या घरातच जातं. नोंदणी फी शहरात हजार. एजंटची फी विचारली तर तो रेंज नाही म्हणून गॅलरीत गेला.

खरी गंमत अंगठ्याची. खोली आईच्या नावावर, म्हणजे अंगठा आईचा. तिनं जन्मभर राखेनं भांडी घासली आणि भाकरी थापल्या, रेषा राहतील कशा? मशीन काय घेईना. गरम पाण्यानं धुतला, टॉवेलनं घासला, व्हॅसलीन लावलं, वैनी दारातनंच म्हणाल्या लिंबू चोळा. साक्षीदार म्हणून आणलेले दोघे मित्र भडंग खात बसलेले, त्यांची कुठं जायची घाई नव्हती. आई शेवटी भडकली, "घर माझं, हात माझा, आणि ह्यो डबा म्हणतोय मी न्हवंच?"

एजंट म्हणाला काकू, दुसरी बोटं बघूया. एकेक करत शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट लागलं. आईनं सरकारला मधलं बोट दाखवलं तेव्हा कुठं काम झालं, आणि मित्र का हसून लोळतायत हे तिला अजून कळलेलं नाही.

मग पोलीस ठाणं. भाडेकरूची माहिती द्या नाहीतर मालकावर गुन्हा, असे आदेश अधनंमधनं निघत असतात, म्हणून पोराचा फोटो, आधार, गावाकडचा पत्ता घेऊन गेलो. हवालदारांनी कागद बघितला, "गारगोटीचा? कुणाचा रं तू?" ह्याच्या मामाच्या साडूपर्यंत ओळख निघाली, त्याला बसायला खुर्ची आली. मी उभाच. वर मलाच विचारलं, पोराला पाणी-बिणी नीट देताय न्हवं?

एवढा सगळा खटाटोप केलेला करार आमच्यात कोणी वाचला नाही. पीडीएफ आली, अंगठा दाखवला (व्हॉट्सॲपवरचा, तो लगेच लागतो) आणि विसरलो. पण पोरगं लॉ कॉलेजचं निघालं. जुलैत पावसानं झोडपलं, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला टेकली, आणि रात्री त्याचा फोन, "दादा, कलम ९ बघितलंय का? छताची गळती मालकानं स्वखर्चानं काढायची आहे."

सकाळी मी ताडपत्री घेऊन पत्र्यावर चढलेलो, खाली अण्णा छत्री धरून उभे.

"रजिस्टर केलावतास न्हवं? मग गळतंय कसं?"